दानाची पूर्वतयारी

शास्त्रपाठ : १ करिंथ १६:१-४, २ करिंथ, अध्याय ८ व ९.



करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय आपण आपल्या मृतांस मूठमाती देतांना वाचतों. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, मरणाचा पराजय झाला, म्हणून जे त्याचे आहेत त्यांचे श्रम व्यर्थ नाहींत, असें प्रेषित पौल तेथें मोठ्या आवेशानें सांगतो. तो अध्याय संपतो, आणि लागलीच पुढच्या ओळींत तो कशाविषयीं लिहितो? वर्गणीविषयीं. बायबलांतील अध्यायांचे आंकडे तेराव्या शतकांत घातले गेले. पौलाच्या मूळ पत्रांत पुनरुत्थान व वर्गणी यांच्यामध्यें आंकड्याची भिंत नव्हती. ज्या श्वासानें त्यानें कबरेवरील विजय सांगितला, त्याच श्वासानें त्यानें आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्यापाशीं कांहीं जमवून ठेवावें असा नियम घालून दिला.

आमच्यांतील कित्येक वडील माणसांस ही गोष्ट रुचत नाहीं. “मंदिरांत पैशाच्या गोष्टी नकोत, देवाचें काम देव चालवील, योजना, अंदाजपत्रक, वर्गणीच्या याद्या हें सर्व जगाचें,” असें ते म्हणतात. त्यांच्या भक्तिभावाविषयीं मला आदर आहे. परंतु बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला कोणी दिला? आपल्या प्रभूनेंच दिला (लूक १४:२८-३०). पाया घालून काम अर्धवट टाकणाऱ्याची लोक थट्टा करितात, हेंही त्यानेंच सांगितलें. तेव्हां हिशेब करणें हा अविश्वास नव्हे. देव देणारा आहे असें ज्याला खरोखर वाटतें, तो त्याचें दान झेलण्यासाठीं भांडें धुऊन, पुसून तयार ठेवितो.

हा प्रश्न आज इतका निकडीचा कां झाला आहे, तें प्रथम पाहूं. आमच्या खेड्यांतील बहुतेक मंडळ्यांचा जन्म मिशनच्या पैशावर झाला. शिक्षकाचा पगार, पाळकाचा पगार, शाळेचें छप्पर, दवाखान्याचें औषध, सर्व समुद्रापलीकडून आलें. देणाऱ्यांत पुष्कळ गरीब विधवा व मजूरही होते, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. तथापि मिशनांतील दूरदर्शी माणसांस तेव्हांही धोका दिसत होता. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८५४-५५ मध्यें हिंदुस्थानांतील मिशनांची पाहणी करण्यासाठीं आले होते. स्थानिक मंडळीनें आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण चालवावा व सुवार्ता आपण पुढें न्यावी, असें त्यांचें ठाम मत होतें. इंग्लंडांत चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन हेंच प्रतिपादन करीत होते. म्हणजे स्वावलंबनाची सूचना आम्हांस मिळून दीडशेंहून अधिक वर्षें झालीं.

शेतकऱ्यास हें निराळें समजावून सांगावयास नको. पाटाचें पाणी येत असतां ज्यानें विहीर खणली नाहीं, त्याचें शेत पाट आटला म्हणजे करपतें. दोष पाटाचा नव्हे. परदेशांतून येणाऱ्या देणग्यांविषयींचा २०१० चा कायदा २०२० सालीं दुरुस्त झाला. त्या दुरुस्तीनें एका संस्थेस मिळालेला परदेशी पैसा तिनें दुसऱ्या संस्थेच्या हातीं देण्यास मनाई झाली, आणि अशा पैशांतून कारभारावर करावयाच्या खर्चाची मर्यादा शेंकडा ५० वरून शेंकडा २० वर आली. वरच्या मोठ्या संस्थेकडून झिरपत झिरपत खालच्या लहान संस्थेपर्यंत पाणी येण्याची जी वाट होती, ती बंद झाली. ज्या मंडळीची स्वतःची विहीर नाहीं, तिच्या पाळकाच्या घरीं आज चूल पेटते कीं नाहीं, हें आपल्यांपैकीं कित्येकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

मग विहीर खणावी कशी? या बाबतींत पौलासारखा गुरु नाहीं. यरुशलेमांतील पवित्र जन दारिद्र्यांत होते. त्यांच्यासाठीं त्यानें गलतिया, मासेदोनिया व अखया या दूरदूरच्या प्रांतांतून, आगगाडी नाहीं, टपाल नाहीं, बँक नाहीं अशा काळांत मोठी वर्गणी उभी केली. त्या कामाची त्याची रीत पत्रांतून स्पष्ट दिसते. तिच्यांतील चार गोष्टी आपण ध्यानांत घेऊं.

पहिली गोष्ट ही कीं, हेतु निश्चित होता. “देवाच्या कामासाठीं द्या” असें मोघम बोलून पौल थांबला नाहीं. कोणासाठीं, कोठें, कशाकरितां, हें करिंथच्या गुलामासही ठाऊक होतें. आमच्या मंडळ्यांत वर्गणी मागतात ती बहुधा खड्डा पडल्यावर : पाळकाचा तीन महिन्यांचा पगार थकला, भिंत पडली, विजेचें बिल आलें. अशा वेळीं माणूस देतो, पण चिडून देतो. आणि पुढल्या खेपेस वर्गणी मागणारा गल्लींत दिसतांच मागच्या दारानें निघून जातो. म्हणून वर्षाच्या आरंभींच पंचांनीं बसून साऱ्या वर्षाचा खर्च एका कागदावर मांडावा : सेवकाचें वेतन इतकें, मंदिराची डागडुजी इतकी, विधवा-अनाथांस साहाय्य इतकें, शेजारच्या गांवीं सुवार्तेसाठीं इतकें. तो कागद उपासनेंत वाचून दाखवावा व मंदिराच्या दारावर लावावा. ज्याला वाचतां येत नाहीं, त्याला शाळकरी मुलानें वाचून दाखवावा. जें काम डोळ्यांपुढें आहे, त्याला हात आपोआप पुढें होतो.

दुसरी गोष्ट ही कीं, दान नियमित होतें व प्रत्येकाचें होतें. आपण येऊं तेव्हां धांवपळ करून वर्गणी जमवूं नये, आधींच दर आठवड्यास थोडें थोडें बाजूस ठेवावें, असें पौल सांगतो. आणि तेंही ज्याच्या त्याच्या मिळकतीच्या मानानें. येथें श्रीमंताची एक थैली शोधण्याची रीत नाहीं. अनेक हातांचें नित्याचें देणें, हीच मंडळीची खरी शक्ति होय.

आपल्याच देशांतील एक उदाहरण घ्या. मिझोरमच्या डोंगरांत १९१० सालीं ख्रिस्ती स्त्रियांमध्यें एक चाल पडली. भात शिजविण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं एक मूठ तांदूळ प्रभूसाठीं निराळ्या भांड्यांत टाकावयाचे. या चालीस तेथें ‘बुहफाई थाम’ म्हणतात. ते तांदूळ गोळा करून विकावयाचे व तो पैसा सुवार्तेच्या कामास लावावयाचा. त्या बायांच्या हातीं रोकड पैसा नव्हता. पण चुलीवर त्यांची सत्ता होती, आणि तेथूनच त्यांनीं देण्यास आरंभ केला. ती चाल शंभरांहून अधिक वर्षें टिकली व आजही चालू आहे.

आतां आपल्या गांवचा हिशेब करा. समजा, मंडळींत ४० घरें आहेत. प्रत्येक घरीं दिवसांतून दोन वेळां एकेक मूठ धान्य बाजूस काढलें, आणि मूठ ५० ग्रॅमची धरली, तर दिवसास ४ किलो व वर्षास १,४६० किलो, म्हणजे सुमारें साडेचौदा क्विंटल धान्य होतें. निम्मीं घरें सहा महिने ऊसतोडीस गेलीं असें धरलें, तरी जवळजवळ अकरा क्विंटल उरतें. ज्याच्या घरीं धान्य विकत येतें, त्यानें रोज एक रुपया डब्यांत टाकला, तर अशा ४० घरांचे वर्षास १४,६०० रुपये होतात. कोणाच्याही ताटांतील भाकरी याणें कमी होत नाहीं.

नियमितपणा म्हणजे सर्वांस एकच तारीख नव्हे, हेंही समजून घ्यावें. नोकरदाराचा हात महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत मोकळा असतो. शेतकऱ्याचा, ज्वारी-बाजरीचें खळें झाल्यावर. कोयता घेऊन दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडणाऱ्या कुटुंबास मुकादमाकडून उचल मिळते; परंतु उचल ही मिळकत नव्हे, तें कर्ज आहे. त्या पैशांतून मंडळीनें वर्गणी मागूं नये. तें कुटुंब हंगाम संपवून परत येईल, हिशेब फिटेल, तेव्हां त्याची इच्छा विचारावी. ज्याला लोकांच्या मिळकतीचे दिवस ठाऊक नाहींत, त्यानें वर्गणीची यादी हातांत धरूं नये.

तिसरी गोष्ट ही कीं, मागण्याचें काम पौलानें हलकें मानिलें नाहीं. अखयाच्या लोकांनीं एक वर्ष अगोदर तयारी दाखविली होती. परंतु इच्छा व कृति यांच्यामध्यें पुष्कळ वचनें वाळून जातात हें तो जाणत होता. म्हणून त्यानें तीताला व त्याच्याबरोबर दुसऱ्या बंधूंना पुढें पाठविलें, कीं कबूल केलेलें दान आपण पोंचण्यापूर्वीं सिद्ध व्हावें. त्यानें पत्र लिहिलें, माणसें पाठविलीं, मासेदोनियाच्या गरिबांचें उदाहरण करिंथकरांस सांगितलें व करिंथकरांच्या उत्साहाची वार्ता मासेदोनियांत सांगितली. आणि मासेदोनियाच्या लोकांविषयीं तो विशेष नमूद करितो कीं, त्यांनीं द्रव्य देण्याच्या आधीं स्वतःस प्रभूच्या स्वाधीन केलें होतें. मागणाऱ्यांसही हाच नियम लागू आहे. ज्या पंचानें स्वतःचें अर्पण ठेविलें नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवूं नये. त्याची जीभ तेथें अडखळेल.

या बाबतींत पंडिता रमाबाईंचें चरित्र आपल्या तरुणांनीं अभ्यासावें. त्या १८८६ मध्यें अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनीं लिहिलेलें इंग्रजी पुस्तक १८८७ सालीं निघालें. शहरोशहरीं हिंडून त्यांनीं व्याख्यानें दिलीं व विधवांच्या शाळेची निश्चित योजना लोकांपुढें मांडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बॉस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झालें, आणि दहा वर्षें मदत चालविण्याचें त्याच्या सभासदांनीं वचन दिलें. ठिकठिकाणीं लहान लहान मंडळें निघालीं व त्यांतून वर्गणी जमूं लागली. मग ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. क्रम पाहा : आधीं लोकांस समजावणें, मग वचन, मग घर. पुढें केडगांवच्या मुक्ति सदनांत शेतें व विहिरी झाल्या, विणकाम व छापखाना चालूं लागला. प्रार्थनेवर इतकी भिस्त ठेवणारी दुसरी स्त्री महाराष्ट्रांत सांपडणें कठीण, आणि कामाची इतकी नीट आंखणी करणारीही सांपडणें कठीण.

चौथी गोष्ट हिशेबाची, आणि याच ठिकाणीं आमच्या पुष्कळ मंडळ्या बुडाल्या आहेत. योवाश राजाच्या दिवसांतील हकीकत दुसऱ्या राजांच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत आहे. मंदिराची मोडतोड नीट करण्यासाठीं पैसा याजकांनीं घ्यावा असें ठरलें होतें. परंतु राजाच्या कारकीर्दीचें तेविसावें वर्ष उजाडलें तरी डागडुजी झाली नाहीं. याजकांनीं चोरी केली असें तेथें म्हटलेलें नाहीं. मला वाटतें, पैसा येत होता, पण डागडुजीचा पैसा व नित्याचा पैसा एकाच हातांत पडत असल्यामुळें तो निघून जात होता. मग यहोयादा याजकानें एक पेटी घेतली, तिच्या झांकणास भोंक पाडलें व ती वेदीजवळ ठेविली. पेटी भरली म्हणजे राजाचा लेखक व मुख्य याजक असे दोघे मिळून पैसा मोजीत, थैल्या बांधीत व काम पाहणाऱ्यांच्या हवालीं करीत. सुतारास पैसा मिळाला, पाथरवटास मिळाला, लांकूड आलें, दगड आला, मंदिर नीट झालें. लोक तेच, याजक तेच. बदलली ती केवळ व्यवस्था.

पौलानेंही हीच काळजी घेतली. एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतींत कोणास बोट ठेवावयास जागा राहूं नये, देवापुढें जसें तसें माणसांपुढेंही सारें चोख असावें, म्हणून मंडळ्यांनीं स्वतः निवडलेलीं माणसें त्यानें बरोबर घेतलीं. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायांत त्याच्या सोबत्यांचीं सात नांवें आहेत. तीं बहुधा याच दानाच्या राखणीस निघालेलीं माणसें असावीं. ख्रिस्ताच्या प्रेषितासही एकट्यानें थैली वाहणें प्रशस्त वाटलें नाहीं, मग आमचा कोणता पाळक किंवा खजिनदार इतका थोर कीं त्याला साक्षीदार नको? पैसा दोघांनीं मोजावा, त्याच दिवशीं वहींत लिहावा, प्रत्येक वर्गणीची पावती द्यावी, निरनिराळ्या कामांचा पैसा निराळा ठेवावा, बँकेंत दोघांच्या सहीवांचून रक्कम निघूं नये, आणि तीन महिन्यांनीं जमाखर्च उपासनेनंतर वाचून दाखवावा. याणें प्रामाणिक माणसाचा अपमान होत नाहीं, त्याच्या अब्रूला कुंपण मिळतें.

आतां एक इशारा दिल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आमच्या व्यासपीठांवरून फार वेळां सांगितली जाते, आणि ती बहुधा गरिबांकडे तोंड करून सांगितली जाते. मार्काच्या बाराव्या अध्यायांत त्या गोष्टीच्या लगेच आधीं काय आहे, तें वाचा. लांब झगे घालून मिरविणाऱ्या व विधवांचीं घरें गिळणाऱ्या शास्त्र्यांस प्रभु तेथें दोष देत आहे. ज्या मंडळीची योजना विधवेचें शेवटचें नाणें हिशेबांत धरून आंखली जाते, ती त्या शास्त्र्यांच्या रांगेंत उभी राहते. पौलानेंही स्पष्ट केलें आहे कीं, एकावर ओझें पडून दुसरा सुखी व्हावा असा त्याचा बेत नाहीं; समानता व्हावी असा आहे. माणसापाशीं जें आहे त्याप्रमाणें दान स्वीकारलें जातें, जें नाहीं त्याप्रमाणें नव्हे.

म्हणून यादीचा आरंभ वरच्या टोकापासून करा. आपल्या गांवच्या शाळेंत मुळाक्षरें गिरवून जीं मुलें मुंबईस, पुण्यास, नाशकास गेलीं व चांगल्या पगारावर लागलीं, त्यांचीं नांवें काढा. तीं नाताळांत येतात, मंदिराच्या गळत्या छपराकडे पाहून हळहळतात व निघून जातात. त्यांना कोणीं निश्चित काम दाखवून, निश्चित रक्कम सांगून, पावती देऊन विचारलें आहे काय? हळहळीला वाट करून देणें हें पंचांचें काम आहे. बंधूंनो, तुम्ही जे शहरांत हें वाचीत आहां, तुमच्या अंगावरील अक्षरांचें ऋण तुमच्या गांवावर नसून तुमच्यावर आहे.

शेवटीं, हें सर्व कशासाठीं? केवळ आपल्या मंदिराचें छप्पर गळूं नये म्हणून काय? पौलाच्या त्या वर्गणीचें मर्म याहून खोल आहे. देणारे बहुतांशीं परराष्ट्रीय, घेणारे यहूदी. एकमेकांच्या पंक्तीस बसावें कीं नाहीं यावर ज्यांच्यांत वाद माजले होते, त्यांच्यामध्यें हें दान पूल व्हावें, अशी त्याची आशा होती. हें दान यरुशलेमच्या पवित्र जनांस मान्य व्हावें म्हणून प्रार्थना करा, असें तो रोमकरांस लिहितो (रोम १५:३१). म्हणजे तें नाकारलें जाईल अशी धास्तीही त्याच्या मनांत होती. तरी तो गेला, आणि त्याच फेरींत कैद झाला. त्या थैलीची किंमत त्यानें आपल्या स्वातंत्र्यानें दिली.

तेव्हां जी मंडळी आपल्यापुरतेंच जमविते, तिनें अर्धाच धडा शिकला. २५ डिसेंबर १९०५ रोजीं सेरामपूर येथें व्ही. एस. अझरायाह, के. टी. पॉल इत्यादि हिंदी ख्रिस्ती पुढाऱ्यांनीं नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन केली. माणसें हिंदी, पैसा हिंदी व कारभार हिंदी, हें तिचें धोरण होतें. ज्या काळीं आमच्या पाळकांचे पगारही बाहेरून येत होते, त्या काळीं त्यांनीं दुसऱ्यांस देण्याचा बेत केला. घेणाऱ्याचा हात उलटा होऊन देणारा झाला, म्हणजे माणसाची मान ताठ होते. ज्यांच्या पूर्वजांना गांवानें दुरून भाकर टाकली, त्यांच्या मुलांनीं त्याच गांवच्या दुष्काळांत, जातगोत न विचारतां, धान्याचें पोतें घेऊन जावें, यापेक्षां मोठी सुवार्ता कोणत्या शब्दांनीं सांगावी? म्हणून अंदाजपत्रकांत शेंकडा कांहीं भाग मंडळीबाहेरच्यांसाठीं पहिल्याच ओळींत लिहा. शेवटच्या ओळींत लिहिलेला भाग कधींच उरत नाहीं.

तर प्रियजनहो, हें पत्र वाचून झाल्यावर येत्या प्रभूच्या दिवशीं उपासनेनंतर घरीं जाण्याची घाई करूं नका. पंचांनीं व बायांच्या मंडळीनें एकत्र बसावें. वर्षाचा खर्च मांडावा. घरोघर जाण्यासाठीं दोन दोन माणसें नेमावीं. त्यांत एक तरी स्त्री असावी, कारण धान्याची किल्ली तिच्यापाशीं असते. प्रत्येक घरीं आधीं प्रार्थना करावी, त्या घरचें दुःख ऐकावें, मग काम सांगावें. ज्या घरीं खरोखर कांहीं नाहीं, तेथें मागूं नये. उलट त्या घराचें नांव साहाय्याच्या यादींत लिहून घ्यावें. आणि जें मिळेल, मूठभर असो कीं पोतेंभर, त्याचा चोख हिशेब ठेवावा.

ज्याच्याजवळ सर्व कांहीं असतां जो आपल्यासाठीं दरिद्री झाला, त्या प्रभु येशू ख्रिस्ताची कृपा तुमच्या हातांस उदारपण, तुमच्या पंचांस शहाणपण व तुमच्या वह्यांस खरेपण देवो. आमेन.